काट्याखालचा ठोकळा

माझी वहिनी डूख धरते. हे मी तिच्या पाठीमागं बोलत नाही, तोंडावर बोलते, आणि ती मान हलवून हो म्हणते. साप परवडला, एकदा चावून मोकळा तरी होतो. ही बाई वाट बघते. लग्न होऊन घरात आली त्याच आठवड्यात तिच्या नव्या चादरीवर माझ्या हातून शाई सांडली. सांडली ते सांडली, वर मी फिदीफिदी हसले. तिनं चकार शब्द काढला नाही. मग माझं लग्न ठरलं, घर पाहुण्यांनी भरलं, आणि सगळ्यांसमोर ती माझ्या होणाऱ्या सासूला म्हणाली, "धुणं हिच्याकडेच द्या बरं का. डाग काढण्यात हिचा हात कुणी धरणार नाही." सासरी मी किती वर्षं दुसऱ्यांच्या कॉलरी घासल्या ते माझं मला माहीत.

नणंद-भावजयीचं विळ्याभोपळ्याचं नातं म्हणतात, आमचंही तसंच चाललं असतं. पण पूल पडला, आणि आम्हा दोघींचा वैरी एकच झाला. त्याला सगळे खडीवाला म्हणायचे. डोंगर फोडून खडी विकायची, हा त्याचा धंदा. दगडखाण त्याची, क्रशर त्याचा आणि खडी वाहणारे ट्रकही त्याचेच.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, रस्ते खात्यात होता, नदीवरच्या जुन्या पुलाचा पहारेकरी. पूल म्हातारा झाला होता म्हणून खात्यानं नियम केला होता: वीस टनांच्या वर गाडी सोडायची नाही, आणि एका वेळी एकच सोडायची. पुलाच्या अलीकडे खात्याचाच वजनकाटा होता. ट्रक आधी काट्याच्या लोखंडी पाट्यावर चढायचा, काटेवाला वजनाची चिठ्ठी द्यायचा, ड्रायव्हर ती दादाला दाखवायचा. दादा चिठ्ठी वाचायचा, पुलाकडे बघायचा, पुढची गाडी पलीकडे उतरली याची खात्री करायचा आणि मगच आडवा पाईप उचलायचा. कुणी हॉर्न वाजवून जीव खाल्ला तरी हा माणूस हलायचा नाही. खरं सांगायचं तर त्याच्याइतका कंटाळवाणा पहारेकरी जगात नसेल. काट्याच्या शेजारीच माझं पंक्चरचं दुकान आहे. नवरा गेल्यापासून मीच चालवते. खोळंबलेले ड्रायव्हर माझ्याकडे येऊन हवा भरून घ्यायचे आणि दादाच्या नावानं शिव्या द्यायचे. मी हवेचे पैसे घ्यायची, शिव्या फुकट ऐकायची.

त्या दिवशी दुपारी मी ट्यूबला ठिगळ लावत होते. आवाज आला तो फुटल्याचा नव्हता, कुणीतरी लांबलचक उसासा टाकावा तसा होता. बाहेर येऊन बघते तर पुलाचा मधला भाग नाही. दादा काठावर उभा, हातात चिठ्ठी. खडीवाल्याचा ट्रक खाली पाण्यात चाकं वर करून पडला होता आणि त्याचा ड्रायव्हर आत होता. त्याला काढेपर्यंत त्यात काही उरलं नव्हतं.

चौकशी बसली. चिठ्ठीवर वजन वीस टनांच्या आत. खडी सगळी नदीत, ती कोण मोजणार? मोठ्या साहेबांनी हिशेब मांडला की इतक्या वजनाच्या एका ट्रकनं हा पूल पडणं शक्यच नाही. पडला त्या अर्थी पुलावर दोन ट्रक असले पाहिजेत. मागचा उलटा येऊन पळाला असणार. आणि दोन ट्रक एकदम चढले, तर पहारेकऱ्यानं पैसे खाऊन सोडले, दुसरं काय? खडीवाला चौकशीला आला तो तोंड एवढंसं करून. म्हणाला, "आमच्या ड्रायव्हरला घाई फार. पुढच्याच्या मागोमाग घातली असणार गाडी. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, पण चूक त्याची आणि पहारेकऱ्याची." असं म्हणून त्यानं दोन पक्षी एका दगडात मारले. ड्रायव्हरच्या बायकोला नुकसानभरपाई द्यायला नको, आणि स्वतःवर ओरखडा नाही.

दादाला जितक्या वेळा विचारलं, तितक्या वेळा तो एकच सांगत राहिला. "साहेब, एकच ट्रक होता."

त्याला कामावरून काढलं. लोकांनी नाव पाडलं पूलखाऊ. दुकानात उधारीवर साखर मागायला गेला तर दुकानदार म्हणायचा, का रे, पूल पचला नाही का अजून? लोकांची जीभ, उचलली आणि लावली टाळ्याला. दादानं बाहेर जाणं सोडलं. खिडकीपाशी खुर्ची ओढून बसायचा. वहिनी ताट पुढं करायची तेव्हा जेवायचा, नाही केलं तर मागायचा नाही. मी दातओठ खात होते, भेटेल त्याच्याशी भांडत होते, एकाच्या टायरमधली हवासुद्धा काढली. वहिनी मात्र गप्प. मला वाटायचं, हिला काही वाटतच नाही की काय.

पूल नाही म्हटल्यावर सगळी जड वाहतूक दूरच्या रस्त्यानं वळवली. काट्यावर कुत्रंसुद्धा फिरकेना. काटेवाल्यानं नोकरी सोडली आणि खडीवाल्याकडे मुकादम म्हणून गेला, आणि तिथूनही लवकरच हाकलला गेला. गरज सरो, वैद्य मरो. रिकाम्या काट्यावर रोजंदारीनं बसायला कुणी तयार होईना, तेव्हा वहिनी खात्यात गेली आणि म्हणाली, मी बसते. पूलखाऊची बायको काट्यावर, म्हणून कारकून हसले म्हणे. पण हसता हसता त्यांनी तिला किल्ली दिली.

ती बसायची ती अशी. केबिनची काच रोज पुसायची. चाऱ्याची गाडी, भंगाराचा टेम्पो, विटांचा छोटा ट्रक, जे येईल ते वजन करायची आणि चिठ्ठी फाडताना सरळ रेषेत फाडायची. काट्याच्या पाट्याखाली खड्डा असतो, माणूस वाकून मावेल एवढा. त्यात चिखल साचतो, पाणी साचतं. आधीचा काटेवाला तिथं कुणाला उतरू द्यायचा नाही, आम्हाला वाटायचं काळजीनं. वहिनी डबा आणि खराटा घेऊन स्वतः उतरायची, चिखल उपसायची आणि वर येऊन माझ्या नळावर पाय धुवायची.

एकदा एक क्रेन वजनाला आली. क्रेनवाला चिठ्ठी बघून म्हणाला, "बाई, माझं वजन कारखान्यातून पाटीवर कोरून आलंय. तुमचा काटा बराच कमी दाखवतोय." वहिनीनं त्याला उतरवलं आणि पुन्हा चढवलं. तेच वजन. मग त्याला पाट्यावरच थांबायला सांगून ती बॅटरी घेऊन खाली गेली. वर आली तेव्हा कोपरापर्यंत गंजानं माखली होती. माझ्या दुकानात आली, साबण मागितला आणि हात धुता धुता म्हणाली, "ताई, खाली ठोकळा आहे."

मला आधी कळलंच नाही. तिनं माझ्याच टेबलावर पत्र्याचा तुकडा आडवा ठेवून दाखवलं. पाट्याच्या बरोबर मध्याखाली, जमिनीला पक्का केलेला लोखंडी ठोकळा. पाटा आणि ठोकळा यांच्यात बोटभरही नाही अशी फट. हलकी गाडी आली तर पाटा फटीच्या वरच राहतो, वजन बरोबर येतं. तपासणीवाले वर्षातून एकदा त्यांची मापं ठेवून बघतात, तीही हलकीच, म्हणून त्यांना कधी काही सापडलं नाही. पण अव्वाच्या सव्वा भरलेला ट्रक चढला की पाटा वाकतो, ठोकळ्यावर टेकतो आणि वरचं सगळं ओझं ठोकळा जमिनीला देऊन टाकतो. काट्याला ते कळतच नाही. ठोकळ्याचा माथा घासून घासून चकचकीत झाला होता.

"म्हणजे त्या दिवशीचा ट्रक," मी म्हणाले.

"तीस टन असेल, पस्तीस असेल. देव जाणे. एकटाच पुरेसा होता."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी टॉमी हातात घेऊन उठलेच. टायर उचकटायची ती सळई डोक्यात घालायला बरी असते. म्हटलं, चल, आत्ता खात्यात जाऊ, पोलिसात जाऊ, त्या मेल्याच्या दारात बोंब मारू.

वहिनीनं माझ्या हातातली टॉमी काढून जागेवर ठेवली. "खड्ड्यात उतरतं कोण? मी. किल्ली कुणाकडे? माझ्याकडे. सगळे म्हणतील नवऱ्याला वाचवायला बाईनंच ठोकळा बसवला. आपण बोललो की संपलं. काटा खोटा आहे हे त्याच्याच तोंडून यायला पाहिजे."

"तो कशाला सांगेल? वेडा आहे का?"

"हावरा आहे," वहिनी म्हणाली.

"मग दादाला तरी सांग. तो माणूस खिडकीत बसून वाळतोय."

"त्यांना सांगितलं तर उद्या सकाळी आंघोळ करून खात्यात जातील आणि सांगून येतील. खरं बोलायची खोड आहे त्यांना. त्यानंच तर वाटोळं झालं." एवढं बोलून ती गेली. मी मूग गिळून बसले. माझ्यासारख्या बाईनं मूग गिळणं म्हणजे काय, ते मला ओळखणाऱ्यांनाच कळेल. अपचन झालं.

नवा पूल मंजूर व्हायला पुष्कळ वेळ गेला. झाला तेव्हा खडीचं कंत्राट कुणाला मिळालं असेल? ज्यानं जुना पाडला त्यालाच. मी ऐकलं आणि थुंकले. वहिनीनं ऐकलं आणि मला आयुष्यात पहिल्यांदा तिचे सगळे दात दिसले. कारण खात्यानं अट घातली होती की खडीचा प्रत्येक ट्रक खात्याच्या काट्यावर तोलायचा आणि काटा सांगेल तेवढ्याच खडीचे पैसे द्यायचे.

ट्रक येऊ लागले. खडीवाल्याची भरायची रीत जुनीच, फळ्यांच्या वर ढीग, टायर दबून पोळीसारखे. ओझं तीस टनांच्या वर असायचं तरी काटा वीसच्या आसपास घुटमळायचा. वहिनी चिठ्ठी सरळ रेषेत फाडायची. दर ट्रकला खडीवाल्याची ढीगभर खडी फुकट पुलात जात होती. ती मला संध्याकाळी सांगायची, आज इतक्या गाड्या आल्या, आणि आम्ही दोघी माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून चहा प्यायचो. तो चहा मला आजही आठवतो. इतका गोड चहा मी तरी कधी केला नव्हता.

शेवटी खडीवाला स्वतः आला. पांढरी गाडी, पांढरे बूट. केबिनच्या काचेवर अंगठीनं टकटक केली.

"बाई, तुमचा काटा कमी दाखवतो."

"सरकारी काटा आहे शेठ. तपासून शिक्का मारलेला आहे."

"माझ्या खाणीवर तोलून माल निघतो. इथं येईपर्यंत खडी वाटेत विरघळते का?"

"गाडी नियमानं भरा," वहिनी म्हणाली. "नियमात भरलेल्या गाडीचा एक दगड कमी झाला तर मला सांगा."

आणि ते अगदी खरं होतं. तिनं त्याला पळवाट हातात दिली होती. ट्रक हलके भरले असते तर पाटा ठोकळ्यावर टेकलाच नसता, पै न् पै मिळाली असती आणि खडीवाला आजही पांढऱ्या बुटात फिरला असता. पण नियमानं भरायचं म्हणजे फेऱ्या वाढणार, डिझेल वाढणार. त्याच्या पोटात दुखलं. बरं, ठोकळ्याचं त्याला ठाऊक नव्हतं. पूर्वी त्यानं काटेवाल्याला फक्त सांगितलं होतं, माझं वजन बसवून दे. कसं बसवलं हे विचारायची तसदी घेतली नव्हती. त्याला वाटायचं, काटेवाला बटणं दाबून आकडे बदलत असेल. आता त्याला वाटलं, ही बाई तेच करतेय, सूड म्हणून.

तो पुन्हा आला तेव्हा 'बाई'ची 'वहिनी' झाली होती. मिठाईचा खोका पुढं केला. वहिनीनं खोका माझ्या दुकानात पाठवला, मी तो त्याच्याच ड्रायव्हरांना वाटला. तिसऱ्यांदा आला तेव्हा दमदाटी केली. म्हणाला, "पूलखाऊची बायको ती. घरात चोरीचंच वळण. बघतोच तुला." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. वहिनी काच लावून आत बसली. मी काचेपाशी गेले.

"तक्रार कर," ती काचेमागून स्वतःशीच पुटपुटत होती. "कर ना मेल्या. कर."

त्यानं केली. सगळीकडे केली. वजनमापाचे निरीक्षक आले, खात्याचे साहेब आले, नव्या पुलाचा इंजिनियर आला. बघ्यांची गर्दी झाली ती वेगळीच. निरीक्षकांनी आपली मापं ठेवून बघितली. काटा बरोबर. वहिनीकडे बघून ते म्हणाले, "ठीक आहे की."

"त्या चिल्लर मापांनी काय कळतंय?" खडीवाला ओरडला. "जड गाडी चढवा. माझा ट्रक दोन दुसऱ्या काट्यांवर तोलून आणलाय. चढवा त्याला."

ट्रक चढला. आकडा आला तो त्या दोन काट्यांच्या कितीतरी खाली. गर्दीत कुजबुज झाली. खडीवाल्यानं छाती काढली. "बघा. जड गाडी आली की ही बाई बटणं दाबते."

"साहेबांनी बटणांवर बसावं," वहिनी म्हणाली आणि केबिनमधून बाहेर आली. निरीक्षक स्वतः आत बसले. ट्रक पुन्हा चढला. आकडा तोच.

"शेठ," वहिनी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "काटा कमी दाखवतो, नक्की?"

"नक्की. हजारदा सांगितलं."

"हलक्या गाडीला बरोबर, जड गाडीलाच कमी?"

"जड गाडीलाच. बरंच कमी."

"आता साहेबांनी खाली उतरून बघावं. मी उतरत नाही. माझा हात लागला असं कुणी म्हणायला नको."

निरीक्षक कोट काढून खड्ड्यात उतरले. बराच वेळ नुसता बॅटरीचा उजेड इकडेतिकडे फिरताना दिसत होता. मग त्यांनी इंजिनियरला खाली बोलावलं. दोघं वर आले तेव्हा त्यांच्या गुडघ्यांना चिखल होता आणि इंजिनियर कुणाकडेच बघत नव्हता.

"खाली ठोकळा बसवलाय," निरीक्षक म्हणाले.

"हिनंच बसवला. बघितलंत?" खडीवाला टाळी वाजवायचाच बाकी होता. "हिच्याशिवाय कुणी जातं का खाली? पकडा हिला."

इथं मला आमच्या खात्याच्या रंगाऱ्यांचे पाय धरावेसे वाटतात. पूल पडायच्या आदल्या वर्षी कुणी बडे साहेब येणार होते, म्हणून खात्यानं पूल, कठडे, काटा, सगळं पिवळं करून टाकलं होतं. आमचे रंगारी समोर येईल त्याला रंग देतात. खाली काय आहे, का आहे, हे विचारणं त्यांच्या पगारात बसत नाही. कठड्यावरची एक गोगलगायसुद्धा त्यांनी पिवळी करून ठेवली होती. काट्याखालीही ते उतरले, खात्याच्या हुकमापुढं काटेवाल्याचं काय चालणार; तुळया रंगवल्या, ठोकळा दिसला, तोही रंगवला, त्याच्या पायाच्या सिमेंटसकट. आणि खात्याच्या शिरस्त्याप्रमाणं शेजारच्या तुळईवर काळ्या अक्षरांत रंगकामाचा महिना आणि साल छापून ठेवलं.

निरीक्षकांनी तो महिना आणि साल मोठ्यानं वाचून दाखवलं. "रंगाचा एकच हात आहे. ठोकळ्यावरून तुळईवर ओघळलाय, कुठं सांधा नाही. म्हणजे पूल पडला त्याच्या आधीपासून हा इथं आहे." मग वहिनीकडे वळून विचारलं, "तेव्हा काट्यावर तुम्ही होता?"

"तेव्हा मी घरी स्वयंपाक करत होते साहेब."

इंजिनियरच शेवटी हळूच म्हणाला, "मग पुलावरच्या त्या ट्रकची चिठ्ठीही खोटीच." खात्याच्या साहेबांनी रुमालानं कपाळ पुसलं. खडीवाल्याला कळायला सगळ्यात जास्त वेळ लागला. सगळं गाव गोळा करून, साहेबांना गाडी पाठवून आणून, त्यानं स्वतःच सिद्ध करून दिलं होतं की जड गाडीला हा काटा खोटं बोलतो. धोंडा त्यानंच आणला, पायही त्याचाच. मी हसले. खदाखदा हसले, लपवत नाही.

जुना काटेवाला पोलिसांना पुढच्याच दिवशी सापडला आणि न विचारता बोलू लागला. हाकलून दिल्याचा राग त्याच्याही पोटात होताच.

त्याच संध्याकाळी पांढरी गाडी आमच्या दादाच्या दाराशी उभी राहिली. मी तिथंच होते. खडीवाला बाहेरच्या खोलीत बसला, खुर्चीच्या अगदी कडेवर. आवाज लोण्यासारखा.

"वहिनी, झालं गेलं. तुम्ही एवढंच सांगा की काटेवाला तुमच्याशी बोलला होता, ठोकळा त्यानं आपल्या डोक्यानं घातला. माझं नाव नको. मी दादांना सन्मानानं कामावर परत घ्यायला लावतो. नव्या पुलावर. वर माझा शब्द चालतो."

वहिनी विचार करत होती, हे मला दिसलं आणि मी मनातल्या मनात तिला शिव्या घातल्या. पण तिचंही बरोबर होतं. कोर्टाचं काम कधी संपणार? तोवर दादा खिडकीतच.

तेवढ्यात दादा आतल्या खोलीतून आला. दुपारी वहिनीनं त्याला सगळं सांगितलं होतं. त्यानं नुसतं ऐकून घेतलं होतं. आता तो खडीवाल्यासमोर उभा राहिला आणि अगदी अदबीनं, साहेबाला विचारावं तसं विचारलं.

"शेठ, एकच होता ना? ट्रक तुमचा होता, तुम्हाला नक्की माहीत असेल. कारण मला हल्ली दुसरापण दिसतो. स्वप्नात नाही, जागेपणी. पहिल्याच्या मागं उभा असतो, दिवे लावून. सगळे इतकं म्हणतात त्या अर्थी असेल, असं मी धरून चाललो होतो. हिला बोललो नाही, वाईट वाटेल म्हणून."

वहिनीनं भिंतीला हात टेकला. इतकी वर्षं तिनं एक गोष्ट पोटात ठेवली होती, आणि दादानंही एक ठेवली होती, तिच्यासाठीच. मला रडू फुटलं. ती नाही रडली. ती सरळ झाली, दाराला आतून कडी घातली आणि खडीवाल्यासमोर येऊन उभी राहिली.

"सांगा त्यांना."

"अहो वहिनी, ते..."

"किती ट्रक होते?"

"एक," खडीवाला म्हणाला.

"नीट. त्यांच्याकडे बघून."

"एकच होता. माझा होता."

"वजन?"

"दुपटीच्या जवळ भरला होता. दादा, तुमच्याकडून काही चुकलं नव्हतं."

"पुन्हा सांगा."

त्यानं पुन्हा सांगितलं. तिनं पुन्हा सांगायला लावलं. कितीदा ते मी मोजलं नाही, पण त्याच्या पांढऱ्या शर्टाची पाठ भिजली आणि आवाजातलं लोणी गेलं. आधी दादा नुसता ऐकत होता. मग तो मान हलवू लागला. मग खाली बसला आणि म्हणाला, "म्हणजे माझं बरोबर होतं." कुणाला उद्देशून नव्हे, असंच. मग त्यानं डोकं वर केलं. "आणि तो ड्रायव्हर? त्याच्या घरी ही गोष्ट माहीत आहे का?"

त्याच्या घरी काय माहीत असणार? त्याच्या बायकोला खडीवाल्यानं सांगितलं होतं की तुझ्या नवऱ्याच्या घाईनं पूल पडला आणि माझा ट्रकही गेला, उपकार मान, त्याचे पैसे मी तुझ्याकडे मागत नाही. ती बाई नदीपलीकडे राहायची.

"नाही माहीत," वहिनी म्हणाली. तिनं कडी काढली. "शेठ, उठा. गाडी दारातच आहे."

"आत्ता? माझे वकील म्हणतात..."

"वकिलांना पण घ्या वाटेत."

दादा पुढं बसला, किती दिवसांनी घराबाहेर पडला होता. मागं मी एका खिडकीशी, वहिनी दुसऱ्या, आणि मधे खडीवाला. मी अंग चोरून बसले नाही. पूल नाही, त्यामुळं मोठा वळसा. त्या रस्त्याची त्याच्याच ट्रकांनी चाळण केली होती आणि दर खड्ड्याला त्याचं डोकं टपाला लागत होतं. ड्रायव्हर हळू चालवू लागला तर वहिनी म्हणाली, "आहे त्या वेगानं जाऊ द्या. त्यांच्याच मेहनतीचे खड्डे आहेत."

घर सापडायला त्रास झाला नाही. एका खोलीचं घर, दाराबाहेर दिवा. दार वाजवलं तर ड्रायव्हरच्या बायकोनं उघडलं. ती लोकांचे कपडे इस्त्री करून पोट भरते. खोलीभर घड्या रचलेल्या होत्या आणि तिच्या हातात इस्त्री तशीच होती. खडीवाल्याला बघून तिचा चेहरा पडला. तिला वाटलं असणार, हा आता ट्रकचे पैसे मागायला आला.

"थांबा, गरम आहे, ठेवून येते," ती म्हणाली.

"राहू द्या हातात," वहिनी म्हणाली, आणि खडीवाल्याला पुढं केलं.